शिकवण पटत नाही म्हणून मंडळी सोडताना

चर्च सोडायचं मनात आलं की आधी एक कोरा कागद घ्यावा आणि भांडण नेमकं कशाचं आहे ते एका वाक्यात लिहावं. ‘आमच्याकडे चुकीचं शिकवतात’ हे वाक्य चालणार नाही. ‘आजारपणात औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं व्यासपीठावरून शिकवलं जातं’ हे चालेल. ‘लहानपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असं तरुण संघात सांगतात’ हेही चालेल. असं वाक्य जुळत नसेल तर दुखणं बहुधा शिकवणीचं नाही. पास्टोरेट कमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीतली हार, क्वायरमधून वगळलेली मुलगी, हार्वेस्टच्या सणातल्या लिलावाचा न लागलेला हिशेब, नव्या पाळकांचा (पास्टरांचा) फटकळ स्वभाव ही दुखणी खरी असतात. पण त्यांच्यावर सिद्धान्ताचं लेबल लावून बाहेर पडलेलं कुटुंब दोन-तीन वर्षांत दुसऱ्या चर्चच्या पायरीवरही तसंच उभं दिसतं. कमिटी आणि क्वायर तिथेही असतातच.

पैशाची किंवा जमिनीची तक्रार असेल तर तिचा रस्ताच वेगळा आहे. बहुतेक मंडळ्यांची (म्हणजे चर्चच्या सभासद-समूहांची) मालमत्ता नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाकडे असते आणि त्याचे हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या कक्षेत येतात. तिथे अर्ज करायचा तर सभासद राहून केलेला बरा. राजीनामा दिलेल्याच्या अर्जात पहिला प्रश्न येतो, ‘तुमचा संबंध काय?’

कोण सरकलं, ते तपासा

कागदावर वाक्य उतरलं की त्याखाली दुसरा प्रश्न लिहायचा: मंडळीची अधिकृत शिकवण काय आहे आणि तिच्यापासून लांब कोण गेलं, व्यासपीठ की आपण? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच ठरतं.

व्यासपीठ सरकलं असेल, म्हणजे पाळक आपल्याच पंथाच्या लेखी विश्वासाच्या निवेदनाविरुद्ध शिकवत असतील, तर तुम्ही जाण्याचं कारण नाही. तक्रारीची पायरी आहे: पाळक, मग पास्टोरेट कमिटी, मग धर्मप्रांताचं कार्यालय आणि बिशप, मेथडिस्टांत डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट. तीन-चार उपदेशांची तारीखवार टिपणं काढा. मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल तर ते जपून ठेवा, ग्रुपवर टाकू नका. स्वतंत्र मंडळीत मात्र पाळकांच्या वर कोणी नसतं. तिथे न्यासाचं घटनापत्र आणि विश्वासाचं निवेदन एवढाच आधार, आणि बऱ्याच ठिकाणी ते दोन्ही पाळकांच्याच कपाटात असतं.

आपणच सरकलो असू तर ते कबूल करून सरळ निघावं. ‘चर्च बिघडलं’ म्हणत फिरणं तेव्हा खोटं ठरतं. चर्च जिथे होतं तिथेच आहे, तुमची समजूत बदलली.

नागपुरात यात एक गंमतीची गोष्ट आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सी.एन.आय., २९ नोव्हेंबर १९७० ला याच शहरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात जन्माला आलं. सहा प्रवाह एकत्र आले. त्यांत लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन होते, तसेच कळत्या वयातच बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. म्हणून सी.एन.आय.मध्ये दोन्ही पद्धती मान्य आहेत. ‘इथे बुडवून बाप्तिस्मा मानत नाहीत’ एवढ्यावरून सी.एन.आय. सोडणाऱ्याने हे आधी पाहावं. अडचण येते ती दुसऱ्याच टोकाला: ज्याच्यावर लहानपणी पाणी पडलं त्याला पुन्हा पाण्यात उतरवायचं का? जुन्या मुख्य प्रवाहांच्या मते बाप्तिस्मा एकदाच. तुमचं वाक्य या प्रश्नावर येऊन थांबत असेल तर मात्र मतभेद खरा आहे. अमेरिकन मिशनमधून आलेले मेथडिस्ट शेवटच्या क्षणी त्या ऐक्यातून बाहेर राहिले, म्हणून शहरात मेथडिस्ट आणि सी.एन.आय. अशी दोन वेगळी घरं आजही आहेत.

आणि ‘चर्च सोडणं म्हणजे पाप’ असं कुणी अंगावर आलं तर हिस्लॉप साहेबांची आठवण करून द्यायला हरकत नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून. ते चर्च स्वतःच १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमधून बाहेर पडून झालेलं होतं. पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हा तिथला वाद होता. इथल्या मराठी मंडळीच्या मुळाशी फूटही आहे आणि ऐक्यही.

किती मोठा मतभेद पुरेसा

ख्रिस्त कोण, तारण कशाने, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानायचं की नाही यांवर शिकवण बदलली असेल तर थांबण्यात अर्थ नाही. बाप्तिस्मा, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा, अन्य भाषा बोलण्याचं दान हे मतभेद मधल्या वजनाचे. यांवर वेगळं होता येतं, पण घाई नको. गाण्यांना ड्रम असावा का, टाळ्या वाजवाव्यात का, स्त्रियांनी डोक्यावर पदर घ्यावा का, शाकाहार, दागिने, नाताळचं झाड, यांच्यासाठी रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय पुन्हा एकदा बसून वाचावा. घर सोडण्याइतकं त्यांत काही नसतं.

एका बाबतीत मात्र कागद, चर्चा, पायऱ्या काही नको. इन्शुलिन, टीबीच्या गोळ्या, फिटचं औषध, बाळंतपणातला दवाखाना ‘विश्वासाने’ बंद करायला सांगणारी मंडळी असेल तर त्याच आठवड्यात बाहेर पडा, आणि औषध आधी सुरू करा. टीबीचा कोर्स मध्येच तुटला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा इलाज लांबतो. फिटचं औषध एकदम थांबवलं तर झटके थांबेनासे होऊन जिवावर बेतू शकतं. असंच, लहान मुलाशी गैरवर्तन दडपलं जात असेल तर तो मतभेद नव्हे, पोलिसांकडे नेण्याची गोष्ट आहे.

पाळकांशी बोलणं

मत्तय १८ मधली रीत, आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, ही कुणी आपल्याविरुद्ध अपराध केला तर वापरायची आहे. शिकवणीच्या मतभेदालाही ती चांगली लागू पडते, कारण बहुतेक भांडणं तिसरी पायरी आधी चढल्यामुळे चिघळतात.

पाळक साहेबांची वेळ मागून घ्या. रविवारी उपासनेनंतर दारात हस्तांदोलन चाललेलं असताना विषय काढू नका. मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ बरी. शनिवारी त्यांच्या डोक्यात उद्याचा उपदेश असतो. नवरा-बायको दोघं जा. सोबत एकच कागद: तुमचं ते वाक्य, उपदेशाच्या तारखा आणि जे वचन तुम्हाला खटकतं त्याचा संदर्भ. ‘लोक म्हणतात’ हे शब्द त्या खोलीत एकदाही काढू नका. कोण लोक, असं विचारलं की नावं सांगावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत चार घरांत भांडण पोचतं.

एका भेटीत निकाल लागत नाही. पाळकांना विचार करायला पंधरा-वीस दिवस द्या आणि दुसरी भेट घ्या. दुसऱ्या भेटीतही उत्तर तेच असेल तर तिसरी मागू नका. त्यापुढे फक्त आवाज चढतात.

व्हॉट्सॲपवर यातलं काहीही नको. मंडळीच्या ग्रुपवर टाकलेली लांबलचक पोस्ट पाच मिनिटांत कामठीपासून वर्ध्यापर्यंत जाते आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’च्या आत तिचे स्क्रीनशॉट निघालेले असतात.

पद असेल तर आधी ते सोडा

सेक्रेटरी, खजिनदार, संडे स्कूलचे शिक्षक, महिला मंडळाच्या बाई, सगळ्यांनी चर्च सोडण्याआधी पद सोडावं, आणि लेखी सोडावं. खजिनदाराने तर विशेष जपावं. रोकडवही, पावतीपुस्तकं (वापरलेली, अर्धी आणि कोरी, क्रमांकासह), बँकेचं पासबुक, चेकबुक, दानपेटीची किल्ली, गेल्या वर्षीच्या ऑडिटची प्रत यांची यादी करून दोन साक्षीदारांसमोर हस्तांतर करा आणि यादीवर सही घ्या. एक प्रत स्वतःजवळ. बँकेत सही बदलायला कमिटीचा ठराव लागतो. तो झाला की नाही ते बँकेत जाऊन विचारा, नाहीतर दोन वर्षांनी कुणाच्या तरी चेकवर तुमचं नाव निघेल. न्यासाचे विश्वस्त असाल तर राजीनाम्यानंतरचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. तो भरणं उरलेल्या विश्वस्तांचं काम, पण पोच पाहिल्याशिवाय सुटलो असं समजू नका.

पद सोडताना मोसम पाहा. डिसेंबरमध्ये, कॅरोल पार्टी सुरू झाल्यावर किंवा पवित्र आठवड्यात कोणी काम टाकून गेलं तर लोकांना मतभेद आठवत नाही, टाकून गेलेलं आठवतं. नाताळचा हिशेब संपवून जानेवारीच्या मध्यावर जाणं सगळ्यांत सोपं.

घरातलं

नवऱ्याला पटलं म्हणून बायको-मुलं आपोआप निघत नाहीत. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात बसलेला मुलगा, लग्न ठरलेली मुलगी, गुडघे दुखणारी आजी या तिघांचं वेगवेगळं बघावं लागतं. मुलाचं दृढीकरण दोन-तीन महिन्यांवर असेल तर ते होऊ द्या, पण ज्या शिकवणीवरून तुम्ही निघताय तीच त्या वर्गात शिकवत असतील तर मुलाला काढताना कारण त्याच्या भाषेत सांगा. लग्न ठरलं असेल तर बॅन्स (लग्नाची चर्चमधली जाहीर सूचना) कुठे वाचले जाणार, विधी कोण लावणार, हे व्याह्यांशी बोलून झाल्यावरच चर्च बदला. ऐनवेळी ‘मुलगी आता कुठल्या मंडळीची?’ हा प्रश्न फार महाग पडतो.

आजीला ओढू नका. जिचा बाप्तिस्मा, लग्न आणि नवऱ्याची माती त्याच चर्चमधून झाली तिला पंचाहत्तरीत नवी गाणी शिकवण्यात काही पुण्य नाही. तिला दर रविवारी जुन्या चर्चला कोण सोडणार आणि कोण आणणार, एवढंच ठरवा. ऑटोवाल्याला महिन्याचे पैसे बांधून दिले तरी चालतं.

कागद

बाहेर पडण्याआधी जी कागदपत्रं सहज मिळतात तीच नंतर मागायला गेलं की रजिस्टर सापडत नाही. घरातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, तुमच्या लग्नाचा दाखला आणि सगळ्या कुटुंबाचं मिळून सभासदत्व बदलीचं पत्र, एवढं लागतं. ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळा-कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र मागतात. मुलगा दहावी-बारावीला असेल तर हे काम एप्रिलच्या आत उरका.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. जुन्या रजिस्टरमधली नावं इंग्रजी वळणाने लिहिलेली असतात, ‘शांतवन’चं स्पेलिंग आधारवर एक आणि दाखल्यावर भलतंच. आईचं माहेरचं नाव, जन्मतारखेच्या जागी बाप्तिस्म्याची तारीख, आडनावाऐवजी वडिलांचं नाव, या नेहमीच्या चुका. दुरुस्ती पाळकांच्या सहीने आणि चर्चच्या शिक्क्याने व्हायला हवी. पेनाने खाडाखोड केलेला दाखला कुणी घेत नाही. बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असा उल्लेख दाखल्यात आहे का तेही बघा. पुढे कॅथलिक किंवा दुसऱ्या जुन्या पंथात जायचं झालं तर आधी तेच पाहतात.

अर्ज छोटा ठेवा. असा पुरे:

‘प्रति, मा. पाळक साहेब व पास्टोरेट कमिटी. विषय: सभासदत्व बदलीचे पत्र व दाखले मिळणेबाबत. सप्रेम सलाम. मी व माझे कुटुंब (पत्नी व दोन मुले) आपल्या मंडळीचे सभासद आहोत. यापुढे दुसऱ्या मंडळीत उपासनेस जाण्याचा निर्णय आम्ही प्रार्थनापूर्वक घेतला आहे. कारणाविषयी आपल्याशी समक्ष बोलणे झाले आहे. चालू महिन्यापर्यंतची वर्गणी भरली असून पावतीची प्रत जोडली आहे. तरी बदलीचे पत्र व सोबतच्या यादीप्रमाणे दाखले द्यावेत, ही विनंती. या मंडळीने आम्हाला जे दिले त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.’

कारण अर्जात लिहू नका. लिहिलं की कमिटीत त्यावर चर्चा होते, उत्तर दिलं जातं, आणि दाखला राहतो बाजूला. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. खरं वाटत नसेल तर बाप्तिस्मा कोणी दिला, वडिलांच्या मातीला कोण उभं राहिलं ते आठवा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. महिनाभरात काही हाललं नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयाला लावा. वर्गणी थकलेली असेल तर आधी भरा. अडवणुकीचं पहिलं निमित्त तेच असतं. इमारत फंडाला काही कबूल केलं असेल तर तेही देऊन टाका, आणि यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर ते बंद करा.

ख्रिस्ती माणूस एका चर्चमधून दुसऱ्यात गेला म्हणून धर्म बदलत नाही. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, तहसील यांचं इथे काही काम नाही. कुणी भीती घातली तर ती मनावर घेऊ नका.

नवं घर शोधताना

दोन-चार रविवार कुठेच न जाता घरी यूट्यूबवर उपासना लावणं समजण्यासारखं आहे. महिन्याच्या पुढे ते लांबलं की सवय लागते, आणि मुलं रविवारी क्रिकेटला जायला लागतात.

शहरात पर्याय भरपूर आहेत. सदर-सिव्हिल लाइन्स भागात जुनी चर्चं एकमेकांपासून फार लांब नाहीत. कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही सदरमध्येच आहे. मेट्रोने यायचं तर ऑरेंज लाइनचं कस्तुरचंद पार्क स्टेशन जवळ पडतं. हिंगणा किंवा पारडीकडून येणाऱ्याने सीताबर्डीला गाडी बदलावी. भाषा आधी विचारा: एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, मग मराठी किंवा हिंदी अशा वेगवेगळ्या उपासना असतात, आणि मे महिन्यात ऊन टाळायला वेळा अलीकडे येतात. फोन करूनच निघा.

कुणाकडे काय मिळेल याचा ढोबळ अंदाज असा. सी.एन.आय. आणि मेथडिस्टांत छापील उपासनाक्रम, लहान मुलांचा बाप्तिस्मा, वर बिशप. बॅप्टिस्टांत कळत्या वयातला, बुडवून बाप्तिस्मा, आणि स्थानिक मंडळीच्या हाती कारभार. ब्रदरन मंडळ्यांत (सी.एन.आय.त मिळालेल्या ब्रदरनहून या वेगळ्या) दर रविवारी भाकर मोडणं, म्हणजे प्रभुभोजन, दीक्षित पाळक नाही, वडील लोक चालवतात, आणि बाहेरून आलेल्याकडे शिफारसपत्र मागतात. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आत्म्याच्या दानांवर भर, उपासना लांब. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट शनिवारी जमतात. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत. बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरून भांडून निघालेला माणूस तिथे गेला तर त्याचा वाद आपोआप मिटेल, असं गमतीने म्हणतात. आणि ‘फक्त येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देणारे गट त्रैक्य नाकारतात. गाणी आणि वातावरण पेंटेकॉस्टलसारखंच असल्यामुळे हा फरक पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत कळत नाही. पहिल्याच भेटीत विचारा.

एका रविवारवरून ठरवू नका. ओळीने चार रविवार एकाच ठिकाणी जा, त्यांत एक प्रभुभोजनाचा असू द्या, आणि आठवड्यातली एखादी घरसभा बघा. व्यासपीठावर सगळे जपून बोलतात. घरसभेत चहा आल्यावर मंडळी खरी कळते. पहिल्या रविवारी फार प्रेम मिळालं, उभं करून टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याच दिवशी चार जण घरी आले, की भुलू नका. त्याच लोकांना तीन महिन्यांनी एक अवघड प्रश्न विचारून बघा.

उपदेश ऐकताना तीन रविवारचे विषय लिहून ठेवा. दर वेळी दान आणि आशीर्वाद, दर वेळी दुसऱ्या चर्चवर टीका, किंवा दर वेळी पाळकांची स्वतःचीच साक्ष असेल तर पुढे वेगळं काही निघेल अशी आशा ठेवू नका. वचन वाचून त्याच वचनावर बोलतात का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. प्रभुभोजनाच्या वेळी तिथली रीत पाळा: कॅथलिक मिस्सात (उपासनेत) इतर पंथीयांनी पवित्र सहभागिता, म्हणजे प्रभुभोजन, घ्यायची नसते, सी.एन.आय.मध्ये दुसऱ्या मंडळीच्या सहभागी सभासदाला सहसा अडवत नाहीत, बाकी ठिकाणी आधी विचारा.

मग पाळकांची वेळ घ्या आणि न लाजता विचारा. तुमचं विश्वासाचं निवेदन लेखी आहे का, मला प्रत मिळेल का? माझा आधीचा बाप्तिस्मा तुम्ही मानता का? मानत नसाल तर पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याशिवाय मी सभासद होऊ शकत नाही का? (इथे ‘हो’ आलं तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. घरी जाऊन, सगळ्यांशी बोलून, निदान तीन महिने थांबा. लाजेखातर पाण्यात उतरलेले लोक नंतर दोन्हीकडून तुटतात.) डॉक्टर आणि औषधाबद्दल तुमचं काय म्हणणं? पाळकांच्या चुकीबद्दल कोणाकडे जायचं? हिशेब मंडळीपुढे वाचता का, शेवटचा कधी वाचला? आणि ज्या वाक्यावरून तुम्ही जुनं घर सोडलं, ते वाक्य. तो कागद खिशात असू द्या.

उत्तर काय येतं यापेक्षा कधी कधी कसं येतं ते महत्त्वाचं. ‘आमच्यात प्रश्न विचारत नाहीत, आज्ञा पाळतात’ असं उत्तर आलं तर सलाम करून उठा.

लग्न, माती आणि पैसा

या तीन गोष्टी कोणी आधी विचारत नाही आणि नंतर सगळे पस्तावतात.

लग्न: भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. चर्चमधलं लग्न त्यात बसायचं तर ते बिशपने दीक्षा दिलेल्या किंवा या कायद्याखाली शासनाचा परवाना असलेल्या पाळकांनी लावलेलं हवं. बिगरपरवाना लग्न लावणं गुन्हा आहे. नव्या, स्वतंत्र मंडळ्यांत पाळक तळमळीचे असतात, पण परवाना असेलच असं नाही. मुलं लग्नाची असतील तर परवान्याची प्रत बघायला मागा. यात अपमान काही नाही. विधीची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान असावी असाही या कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे, म्हणून रात्रीच्या हॉलमधल्या विधीचा बेत करण्याआधी विचारा. परवाना नसेल तर विशेष विवाह कायद्याने नोंदणी करून चर्चमध्ये फक्त आशीर्वाद घेता येतो.

माती: शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा कुणाला, कोणाच्या पत्रावर, किती शुल्कात मिळते ते त्या-त्या कमिटीच्या नियमावर असतं. नव्या मंडळीला दफनभूमीत हक्क आहे का? वडिलांच्या कबरीशेजारची जागा कुटुंबासाठी राखली असेल तर तुमचं सभासदत्व गेल्यावर ती राहते का? जुन्या कमिटीकडून हे लेखी घ्या, तेही बदलीचं पत्र मागण्याआधी. घरात वृद्ध माणूस असेल तर हा कागद बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकाच मोलाचा.

पैसा: न्यास नोंदलेला आहे का ते धर्मादाय कार्यालयात विचारता येतं. दान पाळकांच्या खाजगी खात्यावर, त्यांच्याच मोबाइल नंबरच्या क्यूआरवर जात असेल तर थांबा. दशांशाची पावती नोंदणी क्रमांकासह मिळायला हवी. ‘८०-जी (देणगीवरची आयकर सवलत) मिळेल’ असं सांगत असतील तर प्रमाणपत्र बघा. निव्वळ धार्मिक न्यासाला ती सवलत मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथेही दोन हजारांवरची रोख देणगी धरत नाहीत.

रुळताना

सभासद होताना वर्ग असतो, कुठे चार आठवड्यांचा, कुठे सहा महिन्यांचा. मतदानाचा हक्क त्यानंतर. पहिलं वर्षभर कोणतंही पद घेऊ नका. नव्या मंडळीला पेटी वाजवणारा, हिशेब ठेवणारा, इंग्रजीत पत्र लिहिणारा माणूस नेहमीच हवा असतो आणि तुम्ही अजून त्यांचं अंतरंग पाहिलेलं नसतं. आणि जुन्या चर्चच्या भानगडी सांगून इथे जागा मिळवू नका. लोक रस घेऊन ऐकतात आणि लक्षात ठेवतात की हा माणूस घरचं बाहेर सांगतो.

जुन्या मंडळीतल्या लग्नाला, मातीला जरूर जा. अडचणीच्या वेळी तिथल्या काकू-मावश्यांनीच डबे आणलेले असतात. पण तिथून चार कुटुंबं आपल्यामागे ओढायचं काम करू नका. कोणी विचारलं तर तेवढंच एक वाक्य सांगा आणि थांबा.

कुठेच जमलं नाही, तर दोन-तीन घरं मिळून घरीच उपासना करायची वेळ येते. करावी. वचन, प्रार्थना, गीत, वर्गणी न घेता. पैसा गोळा करायला लागलात की वही, पावती, बँक खातं आणि न्यासाची नोंदणी या सगळ्याची गरज त्याच दिवसापासून लागते, नंतर नाही. फ्लॅटमध्ये भरवत असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, स्पीकर लावू नका, गाड्या शेजाऱ्यांच्या गेटसमोर नकोत. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि लग्न यांसाठी एखाद्या दीक्षित पाळकांशी बोलून ठेवा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बाहेर पडून चर्चं बघा. चार घरांची मंडळी दोन वर्षं तशीच राहिली तर तिच्यातही कोणीतरी पाळक होऊन बसतं, फक्त त्याला निवडलेलं कोणी नसतं.